डाव्या कानाची टेस्ट

रविवारी सकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसला होता आणि पडद्यावरच्या तक्त्याचा एक कोपरा बघत होता. तक्त्याच्या आडव्या ओळी ऑपरेटिंग सिस्टिमच्या: विंडोज, मॅक, लिनक्स आणि तळाला जुनं विंडोज सेव्हन. उभे रकाने पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या आवृत्त्यांचे: ३.८, ३.९, ३.१० आणि त्यापुढच्या. प्रत्येक चौकटीत एक ठिपका. ठिपका हिरवा असला तर त्या मशीनवर, त्या आवृत्तीवर तो सांभाळत असलेली लायब्ररी, म्हणजे इतरांना वापरायला दिलेला तयार प्रोग्रॅम, नीट चालली. लाल असला तर कुठेतरी मोडली. बहुतेक चौकटी कुठल्यातरी दूरच्या कंपनीच्या मशीनवर आपोआप भरत. सगळ्यात खालची, डावीकडची चौकट मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, वहिनींच्या घरातल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर भरायची. विंडोज सेव्हन, पायथन ३.८.

चौकट हिरवी झाली. थोड्याच वेळात फोन वाजला. वहिनींचा मेसेज, एका शब्दाचा: ‘हिरवा.’

त्याने ‘बरं’ लिहिलं आणि फोन पालथा ठेवला.

“सापाला दूध पाजून झालं असेल तर गॅसवरच्या दुधाकडेही बघा,” बायको आतून म्हणाली. पायथन म्हणजे अजगर एवढंच तिला ठाऊक होतं आणि तेवढं तिला पुरत होतं.

त्याने गॅस बंद केला. दूध थोडं उतू गेलंच होतं.

तो एका कानाच्या दवाखान्यात ऐकण्याची तपासणी करतो. आवाज न येणाऱ्या छोट्या खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचा, आवाज आला की बटण दाबा म्हणून सांगायचं. बटण दाबलं की बाहेर त्याच्यासमोर दिवा लागतो. लोक ऐकू न येताही बटण दाबतात हे त्याला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात कळलं. कुणाला नोकरी टिकवायची असते, कुणाला सुनेसमोर बहिरं ठरायचं नसतं. म्हणून मधूनच आवाज न सोडता थांबायचं आणि तरीही दिवा लागतो का ते बघायचं, ही त्या धंद्यातली जुनी युक्ती. या युक्तीत तो पटाईत आहे. दवाखान्यात कुणी त्याला फसवू शकलेलं नाही.

थोरला भाऊ, ज्याला तो दादा म्हणायचा, हीच मशीनं दुरुस्त करायचा. बॅग घेऊन गावोगावच्या दवाखान्यांत फिरायचा. त्यातली बरीचशी मशीनं बनवणारी कंपनी एक दिवस बंद पडली. मशीनं चालत राहिली, पण त्यांच्यातली माहिती बाहेर काढणारा प्रोग्रॅम नव्या कॉम्प्युटरवर चालेना. लोकांच्या वर्षानुवर्षांच्या तपासण्या आत अडकून पडल्या. त्यात एक तपासणी वहिनींची होती. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी मोठ्या तापात त्यांचा डावा कान गेला होता आणि तेव्हापासूनचे सगळे आलेख त्या एका मशीनमध्ये होते.

दादा तेव्हा चाळिशी ओलांडलेला होता. पायथन तो जेवणाच्या सुट्टीत, दुरुस्तीच्या बाकावर बसून शिकला. आधी वहिनींचा डावा कान बाहेर काढला. मग तोच प्रोग्रॅम दुसऱ्या मशीनवर चालेल असा केला, मग तिसऱ्या. शेवटी त्याची लायब्ररी झाली आणि ती त्याने सगळ्यांसाठी फुकट ठेवून दिली. जगातल्या कुठल्याकुठल्या छोट्या दवाखान्यांनी ती उचलली. लायब्ररी बिघडली नाही ना हे बघायला टेस्ट लागतात, आणि टेस्टला नमुना लागतो. पहिला नमुना म्हणून दादाने वहिनींचीच फाइल ठेवली. फाइलचं नाव ‘डावा कान’.

“अख्ख्या जगाला माझा कान माहीत,” वहिनी म्हणायच्या. “तोंड कुणाला माहीत नाही, हे त्यांचं नशीब.”

टेस्टचं मशीन, म्हणजे तोच जुना कॉम्प्युटर, दादाने आतल्या खोलीत तपासणीच्या एका जुन्या मशीनला केबलने जोडून मांडलं होतं. रोज सकाळी सहा-दहाला ते आपोआप जागं व्हायचं, लायब्ररीची ताजी प्रत उतरवून घ्यायचं आणि ‘जुनी वाट’ तपासायचं. जुनी वाट म्हणजे जुन्या मशीनला केबल लावून थेट माहिती वाचणारा भाग. बाकी काही तपासायचं त्याचं काम नव्हतं, ते दुसरीकडे होत असे. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर दादाने भंगारातल्या एका ऑडिओमीटरचा, म्हणजे कान तपासायच्या मशीनचा, दिवा बसवला होता, तोच, बटण दाबल्यावर लागणारा. सगळं ठीक असलं की हिरवा, नसलं की लाल.

अडीच वर्षांपूर्वी दादा एका दवाखान्याच्या जिन्यात कोसळला आणि गेला. हातात बॅग होती. लायब्ररी धाकट्याकडे आली, कारण दुसरं कुणी नव्हतं. वहिनींनी त्याला दुसऱ्याच आठवड्यात विचारलं होतं, “ते मशीन रोज सकाळी सुरू होतं. बंद करू का?”

“राहू दे,” तो म्हणाला होता. “तुम्ही फक्त दिवा बघून मला कळवत जा.”

कळवायची खरं तर गरज नव्हती. त्याला तक्त्यात दिसतच होतं. पण वहिनींना मूलबाळ नव्हतं, शेजार नवा होता, आणि रोज सकाळी ‘कशा आहात’ विचारलं असतं तर त्यांनी तिसऱ्या दिवशी त्याला फटकारलं असतं. दिव्याचं बरं होतं. दिव्याबद्दल कळवताना दोघांनाही अवघडल्यासारखं होत नव्हतं. ‘हिरवा’ आला की तो समजायचा, वहिनी उठल्या, आतल्या खोलीत जाऊन आल्या, आता चहा ठेवतील.

अडचण लायब्ररीची होती. जिच्या आकडेमोडीवर हे सगळं उभं होतं त्या दुसऱ्या एका लायब्ररीने पायथन ३.८ केव्हाच सोडून दिली होती. तिची नवी आवृत्ती घेतल्याशिवाय नव्या मशीनच्या फाइली उघडत नव्हत्या. आणि ती घेतली की ३.८ वर काहीच चालणार नव्हतं, आणि विंडोज सेव्हनवर ३.८ च्या पुढचं पायथन चढत नाही. काही दवाखान्यांतले लोक नव्या मशीनचे आकडे पडद्यावरून बघून हाताने उतरवून घेत होते. एकाने लिहिलं होतं की दोनदा उजवा कान डाव्याच्या जागी उतरवला गेला.

लायब्ररीचं काम बघणारी दुसरी एक बाई होती, समुद्रापलीकडची. त्याने तिला कधी पाहिलेलं नव्हतं. नावासमोर तिने मातीच्या भांड्याचा फोटो लावला होता, म्हणून तो आणि वहिनी तिला कुंभारीण म्हणायचे. कुंभारणीने जुनी वाट काढून टाकणारा बदल केव्हाच तयार करून ठेवला होता. त्याच्या होकाराशिवाय तो लागू होणार नव्हता. तो दर वेळी लिहायचा, कुठेतरी एखादा दवाखाना अजून जुनं मशीन वापरत असेल. तिने दर वेळी विचारलं, कुठला? या आठवड्यात तिने लिहिलं, “सोमवारी मी नवी आवृत्ती काढतेय. रविवारपर्यंत हो म्हण नाहीतर नाही म्हण. गप्प मात्र बसू नकोस.”

चौकट गेली की मशीनला काम नाही. काम नाही तर दिवा नाही. दिवा नाही तर ‘हिरवा’ नाही. हे कुंभारणीला कसं लिहायचं ते त्याला सुचलेलं नव्हतं.

तो अकराच्या सुमाराला वहिनींकडे पोचला. दार उघडायला वेळ लागला. वहिनींनी सवयीने उजवा कान पुढे केला.

“तुम्ही? रविवारचे? काय, बायकोने हाकललं?”

“नाही, सहज आलो.”

“सहज आलेला माणूस चपला काढायला एवढा वेळ लावत नाही. या.”

बाहेरच्या खोलीचे पडदे ओढलेले होते. ओट्यावर एकच कप होता, तळाशी चहा वाळलेला. वहिनींनी गाउनवर शाल घेतली होती. त्याने हे सगळं पाहिलं आणि, रविवार आहे, असं मनाशी म्हटलं.

“वहिनी, त्या मशीनबद्दल बोलायचं होतं.”

“बिघडलं?”

“बिघडलं नाही. त्याची आता गरज उरली नाही. कुंभारीण म्हणते...”

“कुंभारणीला म्हणावं, आधी एक मडकं भाजून पाठव. नुसते फोटो लावते.”

त्याने समजावून सांगितलं. नव्या फाइली, हाताने उतरवलेले आकडे, उजव्याच्या जागी गेलेला डावा. वहिनी ऐकत होत्या. मध्ये एकदा त्यांनी शालीचं टोक उगाच सरळ केलं.

“भावजी, तुम्ही विचारायला आलात की सांगायला?”

“विचारायलाच.”

“मग मी नाही म्हटलं तर?”

त्याने खिशातला फोन चाचपला.

“बघा. म्हणजे सांगायलाच आलात.” त्या उठल्या. “आणि माझा कान?”

“जुन्या वाटेबरोबर तोही जाईल. अगदी पुसला जात नाही. जुन्या आवृत्त्यांत असतो. कुणी मागे जाऊन शोधला तर सापडेल.”

“कोण जातंय मागे,” वहिनी म्हणाल्या. मग म्हणाल्या, “एकदा माझ्यासमोर चालवून दाखवा. एवढी वर्षं पलीकडच्या खोलीत चालतंय, काय करतं ते मी बसून कधी पाहिलंच नाही.”

आतल्या खोलीत दादाचे स्क्रूड्रायव्हर अजून लहानमोठे लावून ठेवलेले होते. कॅबिनेटसमोर टेबलावर घड्या घातलेल्या चादरींचा ढीग होता. दिवा दिसावा म्हणून त्याने तो उचलून खुर्चीवर ठेवला. दिव्याच्या काचेवर धूळ होती. बोटाने पुसली तर बोट काळं झालं.

तो खाली बसला आणि टेस्ट हाताने सुरू केल्या. वहिनी मागे उभ्या राहिल्या. पंखा घुमला, पडद्यावरच्या काळ्या खिडकीत ओळी धावल्या आणि थांबल्या. दिवा हिरवा झाला.

“एवढंच?” वहिनी म्हणाल्या.

त्यालाही तेच वाटलं होतं. फार लवकर झालं. केबलवरून वाचायच्या टेस्टला वेळ लागतो. दादाच्या वेळी त्या चालू असताना एक चहा पिऊन व्हायचा. त्याने शेवटची ओळ वाचली. नापास शून्य. पास शून्य. बाकी सगळ्यांपुढे एकच शब्द होता: वगळल्या.

टेस्ट वगळली तर ती नापास होत नाही. आणि एकही नापास नसेल तर मशीन हिरवा दिवा लावतं.

वगळण्याची अट कुठे आहे ते शोधायला त्याला फार वेळ लागला नाही. ती त्यानेच लिहिलेली होती, दादा गेल्यानंतरच्या आठवड्यात. पायथन ३.१० आणि त्यापुढच्या आवृत्त्यांवर जुनी वाट चालणार नव्हती, म्हणून त्याने लिहिलं होतं: आवृत्ती ३.१० किंवा पुढची असेल तर या टेस्ट वगळ. पण त्या घाईत त्याने आवृत्ती आकडा म्हणून न देता अक्षरं म्हणून दिली होती. नवशिक्यांना पहिल्याच महिन्यात सांगतात, असं करू नका. मशीन अक्षरं डावीकडून एकेक लावून बघतं, शब्दकोशात शब्द लावतात तसं. तिनाला तीन, टिंबाला टिंब. मग इकडे आठ आणि तिकडे एक. आठ मोठा. पुढचं शून्य बघायची वेळच येत नाही. या मशीनच्या लेखी ३.८ ही ३.१० च्या नंतरची आवृत्ती होती.

“काय झालं?” वहिनींनी विचारलं.

“हे काही तपासतच नव्हतं.”

“कधीपासून?”

“दादा गेल्यापासून.”

त्याने वहिनींना आठ आणि एकाची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, “पहिलीतलं पोरसुद्धा सांगेल दहा मोठे.”

“पोराला दहा दिसतात. मशीनला एक आणि शून्य दिसलं.”

“तुम्हाला काय दिसलं होतं?”

त्याने अट सुधारली आणि टेस्ट पुन्हा सुरू केल्या. आता वेळ लागला. पंखा घुमत राहिला. पहिली टेस्ट ‘डावा कान’. ती नापास झाली. तिच्यामागची नापास झाली, आणि तिच्यामागची. दिवा लाल झाला. अडीच वर्षांत तो पहिल्यांदा लाल झाला होता.

कारण किरकोळ होतं. मागे कधीतरी त्याने एका फंक्शनचं, प्रोग्रॅमच्या एका तुकड्याचं, नाव बदललं होतं. नवं नाव सगळीकडे लावलं, जुन्या वाटेवर लावायचं राहिलं. तेव्हापासून जगात कुणीही जुन्या मशीनला केबल लावून ही लायब्ररी चालवली असती, तर ती पहिल्याच पायरीवर कोसळली असती. त्या माणसाने त्याच दिवशी तक्रार केली असती. दवाखान्याची माणसं तक्रारीला मागे राहत नाहीत.

तक्रार एकही आलेली नव्हती.

“दुरुस्त होईल?” वहिनींनी विचारलं.

“पाच मिनिटांचं काम आहे.”

“मग करा की.”

“वहिनी, कुणीच वापरत नाही ते.”

“मी वापरते,” वहिनी म्हणाल्या.

त्याने कीबोर्डवर हात ठेवले. पाच मिनिटांचं काम होतं. नाव बदलायचं, दिवा हिरवा करायचा, कुंभारणीला ‘नाही’ लिहायचं, उजव्याच्या जागी डावा लिहिणाऱ्या त्या लोकांना अजून थोडं थांबा म्हणायचं. त्याने एक ओळ बदललीसुद्धा.

“थांबा,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी खुर्चीवरचा चादरींचा ढीग मांडीवर घेतला आणि त्या बसल्या. “मीही नाही वापरत.”

तो वळला.

“पहिल्या वर्षी बघायचे. उठून यायचे, हिरवा दिसला की तुम्हाला पाठवायचे. मग एकदा उठवलं नाही. अंथरुणातूनच पाठवला. तुम्ही ‘बरं’ म्हणालात. दुसऱ्या दिवशीही तसाच पाठवला, तरी तुम्ही ‘बरं’च म्हणालात.” त्या चादरीची घडी दाबत होत्या. “सहाचा गजर लावते, मेसेज करते आणि परत झोपते. कधी अकराला उठते. कधी नाहीच उठत. या खोलीत मी शेवटची कधी आले ते मला आठवत नाही. या चादरी ठेवायला आले असेन.”

“मला वाटलं...”

“तुम्हाला काय वाटायचं ते मला माहीत होतं. म्हणून तर पाठवायचे.”

बाहेर जिन्यात कुणीतरी सायकल खाली उतरवत होतं. प्रत्येक पायरीला तिची घंटी वाजत होती. त्याने बदललेली ओळ पुसून पूर्ववत केली. मग फोनवर कुंभारणीचा तो बदल उघडला आणि त्याखाली ‘हो’ लिहिलं. आणखी काही लिहावं असं त्याला वाटलं, पण जे लिहायचं ते लायब्ररीबद्दल नव्हतं.

वहिनी उठल्या आणि भिंतीतल्या प्लगकडे हात नेला.

“असा काढू नका. आधी नीट शट डाऊन करावं लागतं, नाहीतर बिघडतं.”

“तुमच्या दादांना नाही केलं कुणी नीट शट डाऊन,” वहिनी म्हणाल्या. पण हात मागे घेतला. “कुठे दाबायचं ते दाखवा.”

त्याने दाखवलं. त्यांनी दाबलं. पंखा थोडा वेळ फिरत राहिला आणि मग थांबला. दिवा त्याआधीच गेला होता. वहिनींनी चादरी पुन्हा टेबलावर ठेवल्या, आधी होत्या तिथेच.

दारात चपला घालताना तो म्हणाला, “उद्या सकाळी येतो.”

“कशाला? बघायला दिवा तर नाही.”

“चहाला.”

“तुम्ही चहा सोडलाय. बायकोने सांगितलं मला.”

“पाणी पिईन.”

वहिनी नाही म्हणतील असं त्याला वाटलं. “बेल वाजवा,” त्या म्हणाल्या. “फोन करू नका. फोनवर मी अंथरुणातूनही टवटवीत बोलते. आणि उजव्या कुशीवर असले तर बेल ऐकू येत नाही. वाजवत राहा.”

त्याला हे माहीत असायला हवं होतं. ज्या कानाने ऐकू येतं तो उशीत गेला की वहिनींना काहीच ऐकू येत नाही, हे आलेखात स्पष्ट आहे. तो आलेख त्याने शेकडो वेळा उघडला होता.

घरी आल्यावर त्याने तक्ता उघडला. कुंभारणीने बदल लागू केला होता. विंडोज सेव्हनची ओळ गेली होती, ३.८ चा रकाना गेला होता, आणि उरलेल्या सगळ्या चौकटी हिरव्या होत्या. त्याने त्यातली एकेक उघडली आणि किती टेस्ट वगळल्या ते वाचत गेला. बायकोने जेवायला हाक मारली, पुन्हा मारली, आणि मग ती येऊन त्याच्या शेजारी बसली.

“वहिनी बऱ्या आहेत ना?” तिने विचारलं.

“माहीत नाही,” तो म्हणाला.

उद्या सोमवार. सहा-दहाची टेस्टची फेरी मशीनच्या वेळापत्रकातून काढलेली आहे. त्याच्या घराजवळच्या थांब्यावरून वहिनींच्या बाजूला जाणारी पहिली बस पाच-पन्नासला सुटते. दवाखाना नऊला उघडतो.